घरची कार्यशाळा : रोटरी टूलसाठी राऊटर बेस

गेल्या भागात रोटरी टूलचे कोलेट आणि बिट यांची ओळख झाली. या आठवड्यात त्याच यंत्राकडून लाकडात सरळ, एकसारख्या खोलीची खाच काढून घ्यायची आहे.

रिसोड तालुक्यातल्या रिठदसारख्या गावात दारावर सागवानी नावाची पाटी लावायची, तर खरी परीक्षा शिरोरेखेची. अक्षराचे वळण जरा हलले तरी खपून जाते. शिरोरेखा वाकडी गेली की रस्त्यावरूनही दिसते. सागाच्या वर्षवलयांत मऊ आणि कडक थर एकाआड एक असतात. नुसत्या हातात धरलेले यंत्र कडक थर लागताच बाजूला सरकते आणि खोलीही कमीजास्त होते. हात कितीही बसलेला असला तरी यंत्राला टेकू हवाच.

अल्बर्ट ड्रेमेल यांनी १९३२ मध्ये अमेरिकेतल्या रसीन शहरात सुरू केलेल्या कंपनीमुळे ही छोटी यंत्रे जगभर पोहोचली. ‘ड्रेमेल ३०००’ हे मॉडेल १३० वॅटचे, पण मिनिटाला ३३,००० फेरे घेणारे. म्हणजे वेग भरपूर, जोर बेताचा. बेसची रचना हे ध्यानात ठेवूनच करायची.

तळाला ६ मिलिमीटर जाडीचे पारदर्शक ॲक्रिलिक घ्यावे, म्हणजे खालची रेघ दिसते. त्यावर दोन लांब एम-६ बोल्ट उभे कसायचे. डोकी तळात पूर्ण बुडलेली हवीत. या बोल्टांवर प्लायवूडची पट्टी बसते. यंत्राच्या तोंडावरची प्लास्टिकची टोपी फिरवून काढायची, आटे पट्टीच्या भोकातून खाली घ्यायचे आणि टोपी पुन्हा आवळायची. पट्टीवर एक उभी फळी बसवून यंत्राचे धड तिला क्लिपने बांधावे, मात्र हवेच्या जाळ्या उघड्या ठेवाव्यात.

पट्टीच्या वर आणि खाली, प्रत्येक बोल्टला एकेक नट. नेहमीच्या एम-६ बोल्टच्या दोन आट्यांत बरोबर १ मिलिमीटर अंतर असते. त्यामुळे नट पूर्ण फिरवला की खोली १ मिलिमीटरने बदलते, पाव फेऱ्यात पाव मिलिमीटरने. वेगळी मोजपट्टी लागत नाही! दोन्ही बोल्टांवरचे नट सारखेच फिरवायचे, नाहीतर बिट तिरके उतरते.

मधले भोक आधी पाडू नये. सगळे जोडून झाल्यावर यंत्र कमी वेगावर ठेवून बिट हळूहळू खाली न्यावे. ते आपला मध्य आपणच ॲक्रिलिकवर कोरते. वेग जास्त ठेवला तर ॲक्रिलिक वितळून बिटला चिकटते. नंतर त्याच मध्यावर भोक मोठे करावे, म्हणजे भुसा बाहेर पडतो.

शिरोरेखेसाठी लाकडाची सरळ पट्टी दोन शिकंज्यांनी पाटीवर आवळायची. वरून पाहता बिट घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते. त्यामुळे यंत्र पुढे ढकलताना ते डावीकडे ओढले जाते. पट्टी डाव्या हाताला असली की बेस तिलाच चिकटून चालतो. ती उजवीकडे लावली तर रेघ सुटलीच म्हणून समजा.

तीन मिलिमीटरची खाच एका दमात काढू नये. दर फेरीला एक मिलिमीटर पुरे. बिट एका जागी थांबले तर लाकूड करपते. सागाच्या भुशाने कातडीला खाज सुटते, श्वासालाही त्रास होतो. म्हणून मास्क आणि चष्मा दोन्ही वापरावेत. बिट बदलण्यापूर्वी प्लग काढावाच.

पुणे जिल्ह्यातल्या पाबळचा विज्ञान आश्रम डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केला. गावातल्या मुलांनी हाताने वस्तू घडवत विज्ञान शिकावे, हा त्यांचा आग्रह होता. आट्याचे अंतर आणि बिटची दिशा या गोष्टी असा एखादा बेस करताना आपोआप समजतात.

पुढील भागात : याच बेसला एक खिळा जोडून लाकडात अचूक वर्तुळ कसे कापायचे.