ऋतुचक्र, संप्रेरके आणि अपत्यप्राप्ती

पैनगंगेच्या काठी वसलेल्या मेहकरात लग्नाला दोन वर्षे लोटून सुनेची कूस उजवली नाही, म्हणजे घरातील वडीलधारी माणसे शारंगधर बालाजीला साकडे घालतात, सवड काढून लोणारच्या कमळजादेवीची ओटी भरून येतात आणि पुढे, बहुधा शेजारणीच्या सांगण्यावरून, एखाद्या जडीबुटीवाल्याचा पत्ता शोधून काढतात. परंतु या सर्व खटाटोपात सुनेची पाळी दीड-दीड महिना लांबते, कधी तीन महिने येतच नाही, ही गोष्ट, जिच्यात बहुतेक प्रकरणाचे मर्म दडलेले असते, तिला कोणी विचारीत नाही आणि संकोचापायी ती होऊन सांगत नाही. १८८८ साली भूगर्भातून प्रकट झालेल्या बालाजीच्या त्या भव्य श्यामवर्ण मूर्तीपुढे हात जोडण्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती नवसाची मुदत संपेपर्यंत तपासणी तहकूब ठेवण्याला. कारण मूल न होण्याची जी नानाविध कारणे आहेत त्यांपैकी संप्रेरकांच्या असंतुलनाने बीज तयार न होणे हे सर्वांत इलाजसाध्य कारणांपैकी एक असून, त्याचा पहिला पुरावा रुग्णेच्या स्वतःच्या दिनदर्शिकेत नोंदता येण्याजोगा असतो.

हा व्यवहार चालतो कसा, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. मेंदूच्या तळाशी असलेल्या अधश्चेतक नावाच्या वरिष्ठ कचेरीतून ठराविक अंतराने रासायनिक खलिते सुटतात; ते हाती पडताच तिच्या खालच्या पीयूषिका ग्रंथीतून दोन संप्रेरकांची रवानगी बीजकोशाकडे होते; त्यांच्या अंमलाखाली बीजकोशातील एक पुटक इतरांना मागे टाकून वाढते, इस्ट्रोजेन स्रवते, आणि ते पुरेसे झाल्याची वर्दी मेंदूला पोचली म्हणजे उलट टपाली येणाऱ्या संप्रेरकाच्या एका मोठ्या लाटेने पुटक फुटून बीज बाहेर पडते. रिकामे झालेले पुटक पुढचे सुमारे चौदा दिवस प्रोजेस्टेरॉन पुरवीत राहते, गर्भ राहिला नाही तर तो पुरवठा आटतो आणि पाळी येते. यावरून ध्यानात येईल की २१ ते ३५ दिवसांच्या आत नियमाने येणारी पाळी ही बीज सुटत असल्याची बहुधा विश्वसनीय साक्ष आहे. उलट जिची पाळी सदैव लांबते तिने, वर्षभर वाट पाहण्याचा सर्वसामान्य दंडक बाजूस ठेवून, आरंभीच वैद्यकीय सल्ला घ्यावा हे उत्तम.

या बिघाडाच्या कारणांत अग्रक्रम लागतो तो आपल्याकडे ‘पीसीओडी’ या नावाने परिचित झालेल्या विकाराचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे प्रजननक्षम वयाच्या सुमारे दहा स्त्रियांमागे एकीला तो असतो आणि त्यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत स्त्रियांचे निदानच झालेले नसते. सोनोग्राफीच्या कागदावर ‘सिस्ट’ हा शब्द वाचून घरची मंडळी ‘पोटात गाठी झाल्या’ म्हणून हबकतात आणि शस्त्रक्रियेच्या खर्चाची तजवीज करू लागतात; पण त्या गाठी नव्हेतच, ती दोन ते नऊ मिलिमीटरवर वाढ खुंटून थांबलेली पुटके होत. ती खुंटतात याचे एक प्रमुख कारण असे की, शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झाले म्हणजे स्वादुपिंड ते अधिकाधिक स्रवते, आणि रक्तातील हे वाढलेले इन्सुलिन बीजकोशाला पुरुषी संप्रेरके अधिक निर्माण करण्यास प्रवृत्त करते. हनुवटीवरचे केस, मुरमे, मानेवरची काळी मखमली त्वचा आणि लांबलेली पाळी ही सारी त्या एकाच मुळाची फळे. म्हणूनच स्थूल रुग्णेचे वजन शेकडा पाच ते दहा एवढे जरी उतरले तरी कित्येकींची पाळी औषधावाचून मार्गावर येते. मात्र सडपातळ स्त्रीलाही हा विकार जडतो, आणि ‘तू बारीक आहेस, तुला कसली व्याधी’ असे म्हणून तिची बोळवण करणे हा निव्वळ अन्याय आहे.

हा विकार आधुनिक राहणीचे अपत्य आहे, असे सरसकट म्हटले जाते. ते मला पटत नाही. आयुर्वेदातील जुन्या काश्यपसंहितेच्या रेवतीकल्पात, जिचा ऋतू यथाकाल येऊनही निष्फळ जातो आणि जिचे गाल स्थूल व केसाळ असतात, अशा स्त्रीचे वर्णन ‘पुष्पघ्नी’ या नावाने आले असून, तिला संतती हरण करणाऱ्या जातहारिणींच्या वर्गात बसविले आहे. निरीक्षण सूक्ष्म, पण ठपका रुग्णेच्या माथी! १९३५ साली शिकागोच्या स्टाईन आणि लेव्हेंथल या दोघा वैद्यांनी याच विकाराच्या, पाळी थांबलेल्या सात स्त्रियांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. बीजकोशाचा पाचरीएवढा भाग कापून काढल्यावर सातही जणींची पाळी सुरू झाली व दोघींना दिवस राहिले, आणि पुढे कित्येक वर्षे हीच शस्त्रक्रिया प्रमाण मानली गेली. बीज सुटण्यासाठी गोळ्या उपलब्ध झाल्या तेव्हा ती मागे पडली.

दुसरे कारण गळ्यातल्या अवटू ग्रंथीचे, अर्थात थायरॉईडचे. ती मंदावली म्हणजे मेंदूकडून तिला जागे करण्याचा जो प्रयत्न होतो त्याच्या ओघात प्रोलॅक्टिन हे दुग्धस्रावाचे संप्रेरकही वाढते आणि बीज सुटण्याची प्रक्रिया दडपली जाते. रक्ताची एक तपासणी आणि रोजची एक लहानशी गोळी एवढाच हा मामला. परंतु ती गोळी पहाटे उपाशीपोटी घेऊन पुढचा अर्धा ते एक तास चहासुद्धा घ्यावयाचा नाही, हे पथ्य, ज्या घरात सुनेने उठल्याबरोबर सर्वांसाठी चहा मांडून स्वतःचा कप त्यांच्यासोबत संपवावा असा रिवाज आहे, तेथे पाळले जात नाही, आणि मग औषध लागू पडत नाही म्हणून डॉक्टर बदलले जातात. याहून घातक चूक पुढे घडते: दिवस राहिले असे कळताच ‘आता गोळ्या नकोत’ म्हणून ती बंद केली जाते. वस्तुतः पहिले सुमारे तीन महिने गर्भाची सारी भिस्त आईच्याच थायरॉईड संप्रेरकावर असते, आणि त्या काळात गोळीची मात्रा बहुधा वाढवावी लागते.

पीसीओडीत बीज सुटावे म्हणून आज प्रथम दिले जाणारे औषध लेट्रोझोल. स्तनाच्या कर्करोगासाठी निर्मिलेले हे औषध वंध्यत्वावर वापरण्यास भारत सरकारने २०११ च्या ऑक्टोबरात मनाई केली. पुढे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ७५० स्त्रियांच्या एका अमेरिकी अभ्यासात, पाच महिन्यांपर्यंतच्या उपचाराअंती, क्लोमिफेन या जुन्या औषधाने १९.१ टक्के तर लेट्रोझोलने २७.५ टक्के स्त्रियांची सुखरूप प्रसूती झाल्याचे दिसून आले, आणि २०१७ साली ती मनाई उठली. पाळीच्या आरंभी पाच दिवस गोळ्या घ्यावयाच्या आणि नवव्या-दहाव्या दिवसापासून, दिवसाआड, सोनोग्राफी करून पुटक किती वाढले ते पाहावयाचे, असा हा क्रम. प्लॅस्टिकच्या पिशवीत फाईल घेऊन बाकावर बसलेल्या स्त्रीचा सारा जीव त्या कागदावरच्या आकड्यात गुंतलेला असतो: आज अकरा मिलिमीटर, परवा पंधरा, आणि अठरा-वीसच्या घरात गेले म्हणजे आता सुटेल. कधी आकडा अकरावरच अडतो, तो महिना वाया जातो, आणि तिला घरी जाऊन ‘काय म्हणाले डॉक्टर’ या प्रश्नाला सर्वांसमक्ष उत्तर द्यावे लागते. औषधाची मात्रा पुढल्या महिन्यात वाढविता येते, एक महिना फुकट गेला म्हणून उपचार फसला असे मुळीच नव्हे, हे त्या घराला कोणी तरी समजावून सांगितले पाहिजे.

आणि सुनेच्या हाती पहिली गोळी पडण्यापूर्वी मुलाच्या वीर्याची तपासणी झालीच पाहिजे. अपत्यहीन जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडील दोष एकटा वा भागीदार म्हणून आढळतो. तरीसुद्धा आपल्याकडची चौकशी सुनेपासून सुरू होऊन सुनेपाशीच संपते. दोन ते सात दिवसांचे ब्रह्मचर्य आणि एक नमुना, एवढ्याने जे कळते त्यासाठी पत्नीने सहा-सहा महिने सुया टोचून घ्याव्यात आणि अखेरीस दोष नवऱ्याकडे निघावा, याला मी क्रौर्यच म्हणेन. संप्रेरकांचे असंतुलन पुरुषालाही चुकत नाही: व्यायामशाळेत पीळदार शरीरासाठी घेतली जाणारी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने मेंदूकडून अंडकोशाला जाणारे आदेश बंद पाडतात आणि शुक्रजंतूंची निर्मिती जवळजवळ थांबवू शकतात, हे तालुक्याच्या तरुणांनी जाणून घ्यावे.

११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा खुला झाल्यापासून मेहकरहून नागपूर अथवा छत्रपती संभाजीनगर गाठणे सुकर झाले, आणि शेत गहाण टाकून थेट ‘टेस्ट ट्यूब’ करून घ्यावी असा विचार पुष्कळांच्या मनात डोकावू लागला. त्या शास्त्राविषयी मला नितांत आदर आहे. कलकत्त्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी संप्रेरकांची इंजेक्शने देऊन एकाच वेळी अनेक बीजे पिकविण्याचा मार्ग अवलंबिला आणि ३ ऑक्टोबर १९७८ रोजी त्या प्रयत्नातून कन्या जन्मली. पण सरकारी समितीने त्यांचा दावा फेटाळला, त्यांची बदली झाली आणि १९८१ च्या जूनमध्ये त्यांनी आपले जीवन संपविले. मुंबईत ६ ऑगस्ट १९८६ रोजी के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या परिश्रमाने जे बालक जन्मले तेच देशातील पहिले म्हणून गणले गेले. पुढे मुखोपाध्यायांची टिपणे आनंदकुमारांच्या हाती आली, ती त्यांनी बारकाईने तपासली, आणि १९९७ साली पहिलेपणाचा मान आपला नसून त्यांचा आहे असे लेखी जाहीर केले. अशी निःस्पृहता विद्वत्तेहून दुर्मीळ. तथापि ज्या स्त्रीच्या बीजवाहक नलिका खुल्या आहेत, पतीचा अहवाल निर्दोष आहे आणि केवळ बीज सुटत नाही, तिला ही पायरी बहुधा अखेरची. थायरॉईड, प्रोलॅक्टिन व साखर यांच्या रक्ततपासण्या आणि काही महिन्यांच्या गोळ्या यांनी तिचे काम भागण्याचा संभव मोठा असतो. पुढे जावेच लागले, तर अशा उपचारकेंद्रांसाठी झालेल्या २०२१ च्या कायद्याखाली केंद्राची नोंदणी झालेली आहे की नाही, तो दाखला पैसे भरण्यापूर्वी मागावा.

पीसीओडी असलेल्या स्त्रीला दिवस राहिले म्हणजे गर्भारपणात मधुमेह उद्भवण्याचा धोका इतरांहून अधिक असतो, सबब साखरेची तपासणी आरंभी आणि पुन्हा सहाव्या-सातव्या महिन्यात करावी लागते. आणि जिला मूल झाले नाही, किंवा दोन मुलांवर जिने थांबावयाचे ठरविले, तिचीही पाळी तीन-तीन महिने येत नसेल तर प्रोजेस्टेरॉनअभावी गर्भाशयाचे अस्तर साचत जाऊन पुढे त्याचे रूपांतर कर्करोगात होण्याचे भय असते. ते टाळण्यासाठी ठराविक मुदतीने गोळ्या देऊन पाळी आणविणे आणि दर एक ते तीन वर्षांनी साखर तपासणे हा उपचार तिच्या स्वतःच्या प्रकृतीसाठी आहे, आणि त्यासाठी तिला दवाखान्यात घेऊन जाण्यास घरच्यांनी तितक्याच तत्परतेने निघावे.