साडेतीन मिनिटांचं गिऱ्हाईक

प्रदर्शनाहून परतलेल्या कुटुंबाची पिशवी कधी उलगडून बघा. कोकम आगळाची एक बाटली, लिंबू पिळायचं नवं यंत्र (जुनी दोन माळ्यावर आहेतच), धाकट्याच्या हातात बांबूची शिट्टी आणि तळाशी पंधरा-वीस छापील कागद. ते कागद दोन दिवस फ्रिजवर राहतात, तिसऱ्या दिवशी रद्दीत जातात. आपल्या बाजूने प्रदर्शन म्हणजे एवढंच. टेबलाच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसासाठी मात्र त्या पाच दिवसांत कधी कधी वर्षाचा हिशेब अडकलेला असतो.

बँकेतली माझी अर्धी नोकरी ग्रामीण शाखांत गेली. १९९२ साली नाबार्डने ५०० बचत गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला. नंतर ते लोण आमच्या सोलापूर जिल्ह्यातही पोचलं. बायका कर्ज घेत, वेळेवर फेडत. साखर कारखान्याच्या संचालकांपेक्षा त्यांची शिस्त चांगली, असं आम्ही आपापसात म्हणायचो. अडचण पुढे होती. पापड झाले, चटणी झाली, विकायची कुठे? मावशीला आणि नणंदेला विकून बाजारपेठ होत नाही. मग सरकारने मांडव घातले. मुंबईचं महालक्ष्मी सरस, दिल्लीच्या प्रगती मैदानावरचा १९८० पासूनचा व्यापार मेळा, अशी मोठी नावं तुम्हाला ठाऊक आहेत. त्याखेरीज खासगी प्रदर्शनं आता पुण्या-मुंबईत भरपूर भरतात. तिथे मात्र जागेचं भाडं मोजावं लागतं.

अशाच एका खासगी प्रदर्शनाला जायचं की नाही, हे विचारायला मंगळवेढा तालुक्यातल्या एका गटाच्या बायका माझ्याकडे आल्या, फेब्रुवारी २०२४ च्या आधी दोन महिने. मी निवृत्त झालो असलो तरी त्यांच्या लेखी अजून ‘साहेब’च. माल त्यांचा अस्सल: मंगळवेढ्याच्या ज्वारीची कडक भाकरी आणि खलबत्त्यात कुटलेली शेंगाचटणी. या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. आमच्याकडे ती त्याआधीही गोडच लागत होती, असो. माल भरायला पैसे कमी पडत होते म्हणून अध्यक्षबाईंनी हातातल्या पाटल्या गहाण ठेवायचं ठरवलं होतं. म्हणजे प्रश्न पाटल्यांचा होता.

मी कागद घेतला. पाच दिवसांचं भाडं ३०,००० रुपये. टेम्पो दुसऱ्या गटाबरोबर वाटून घेतला तर ७,०००. तिघींचं जाणं-येणं आणि जेवणखाण ८,००० (राहायला एकीचे दीर चेंबूरला होते, नाहीतर हा आकडा दुप्पट झाला असता). फलक, पिशव्या, चवीला द्यायचा माल ५,०००. झाले ५०,०००. शंभर रुपयांच्या विक्रीत पीठ, शेंगदाणे, मजुरी, पाकीट वजा जाता त्यांना ४० सुटत. म्हणजे नुसतं बरोबरीला यायला विक्री हवी सव्वा लाखाची. दिवसाला २५,०००, दहा तास धरले तर तासाला अडीच हजार. एक गिऱ्हाईक सरासरी दीडशेचा माल नेईल असं धरलं, तर दर साडेतीन मिनिटांना एक गिऱ्हाईक. सकाळी दहापासून रात्री आठपर्यंत, न थांबता.

बायका गप्प झाल्या. मला वाटलं, बेत बारगळला. अध्यक्षबाई म्हणाल्या, “साडेतीन मिन्टात चव द्यायची, बोलायचं, पैसं घ्यायचं, पिशवी भरायची. मग हे आदी बसवाय पायजे की वो साहेब.”

आणि त्यांनी ते बसवलं! मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर खडूने दहा फूट बाय दहा फुटांचा चौकोन आखला. प्रदर्शनातला साधा गाळा बहुधा एवढाच असतो, तीन मीटर बाय तीन. त्यात दोन टेबलं मांडली, तिघी उभ्या राहिल्या आणि शाळेतली पोरं गिऱ्हाईक झाली. पहिल्या दिवशी तिघी तीनदा एकमेकींवर आदळल्या. मग कामं वाटली. एक पुढे उभी राहून चव देणार आणि बोलणार, दुसरी पाकिटं काढणार, तिसरी फक्त पैसे. पैसेवालीने जागा सोडायची नाही. खुर्च्या टेबलाजवळ ठेवायच्याच नाहीत, हा नियम सेक्रेटरीबाईंचा. खुर्ची दिसली की माणूस बसतो, बसला की मोबाइल काढतो आणि मोबाइल बघणाऱ्या माणसाकडे गिऱ्हाईक फिरकत नाही. हे मी स्वतः अनुभवलंय. पुस्तकप्रदर्शनात माझ्या कादंबऱ्यांमागे मी दोन दिवस बसलो होतो. सर्वांत जास्त विचारलेला प्रश्न होता, “मुतारी कुठे आहे हो?”

पुढचा प्रश्न वाहतुकीचा. कडक भाकरी म्हणजे जवळजवळ काचसामानच. नमुन्याची दहा पाकिटं त्यांनी पंढरपूरला जाणाऱ्या टेम्पोत टाकली आणि परत आणवली. चार पाकिटांत चुरा. मग मोठी खोकी सोडून लहान उथळ खोकी घेतली, मधे पुठ्ठे घातले. तरी तुकडे व्हायचेच, पण त्यांनी एक युक्ती काढली: तुकडे वेगळ्या डब्यात, त्यावर चटणीची चिमूट, आणि तीच चव! चवीचा निम्मा खर्च तिथे वाचला.

फलकावरून मात्र वाद झाला. गटाला हवा होता देवाच्या नावासकट गटाचं पूर्ण नाव, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा, वर दोन पुढाऱ्यांचे फोटो. माझं म्हणणं, मुंबईच्या माणसाला तुमचं नाव नको, तुमचा जिन्नस काय आहे ते दहा पावलांवरून कळायला हवं. शेवटी ठरलं: वर मोठ्या अक्षरात ‘सोलापूरची कडक भाकरी’, खाली ‘महिनाभर टिकते’, आणि गटाचं नाव कोपऱ्यात. पुढारी गळाले. प्रदर्शनाच्या पहिल्याच तासाला एका बाईंनी विचारलं, “हे पापडासारखं तळायचं का?” दुसरीनेही तेच. सेक्रेटरीबाईंनी दुपारपर्यंत पुठ्ठ्यावर हाताने लिहून लावलं: ‘तळायची नाही, भाजायची नाही, अशीच खायची. आमटीत चुरा, दह्यात चुरा.’ त्या पुठ्ठ्याने छापील फलकापेक्षा जास्त गिऱ्हाईक थांबवलं.

बाकीच्या गोष्टी लहान, पण अडतात त्याच. पाकिटावर वजन, किंमत, पत्ता, तयार केल्याची तारीख आणि अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक नसला तर शहाणं गिऱ्हाईक पाकीट खाली ठेवतं. मोड आधीच आणून ठेवायची. आणि मोबाइलवरून पैसे येतात खरे, पण रविवारी संध्याकाळी हजारो लोक एका मैदानात जमले की ते चाक नुसतं फिरत राहतं. यांनी दोन वेगळ्या कंपन्यांचे दोन फोन ठेवले होते, त्यामुळे निभावलं.

जत्रा आणि प्रदर्शन यांत एक फरक आहे, तो या बायकांना तिथे गेल्यावर कळला. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत येणारा घ्यायलाच येतो. प्रदर्शनात माणूस बघायला येतो. तो चव घेतो, छान म्हणतो आणि पुढे जातो. त्याचा राग धरायचा नाही, कारण फिरून परत येणारा तोच असतो. पण त्याला परत यायला वाट हवी. म्हणून टेबलावर एक शंभर पानी वही ठेवली होती. नाव, गाव, फोन, काय घेतलं. वहीत नाव लिहिणाऱ्याला एक लहान चटणीची पुडी मोफत. बाजूच्या गाळ्यावरचे हसत होते.

गल्ल्याचे आकडे माझ्याकडे आहेत. बुधवार ११,०००, गुरुवार १२,५००, शुक्रवार १४,५००, शनिवार २९,०००, रविवार ४१,०००. रविवारी रात्री शेजारच्यांनी पेढे मागितले. पण बेरीज १,०८,०००, म्हणजे सव्वा लाखाला सतरा हजार कमी. सुटले ४३,२००, खर्च ५०,०००. घाटा ६,८००. नोटांची जाड गड्डी हातात असताना आपण तोट्यात आहोत हे माणसाच्या मनाला पटत नाही. अनेक गट इथेच फसतात, गड्डी बघून पुढच्या प्रदर्शनाचं भाडं भरून टाकतात. अध्यक्षबाईंनी गावी परतल्यावर कागद माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, “पाटल्या तितंच हायत.”

दुसऱ्या बाजूला वही होती, १४० नावांची. आठ दिवसांच्या आत प्रत्येकाला फोन करायचा असं आधीच ठरलं होतं, कारण महिन्याभराने फोन केला तर माणूस ‘कोण भाकरी?’ विचारतो. सेक्रेटरीबाईंनी रोज वीस फोन केले. दोन महिन्यांत ३१ घरांतून मागणी आली. आणि एक नाव होतं दादरच्या एका दुकानदाराचं. तो आला होता गुरुवारी दुपारी, मैदान ओस पडलेलं असताना. त्याने चव घेतली, पण छान वगैरे काही म्हणाला नाही. खोक्यात किती पाकिटं, किती दिवस टिकते, फुटली तर परत घेणार का, असे रुक्ष प्रश्न विचारत राहिला. दुसरी कुणी असती तर कंटाळली असती. त्याने विचारलं, महिन्याला पाचशे पाकिटं द्याल? सेक्रेटरीबाई म्हणाल्या, “तीनशे देऊ. पाचशे कबूल करून तुमचं मांडणं रिकामं ठेवणार नाही.”

मार्चपासून तीनशे पाकिटं जाऊ लागली. शंभराचं पाकीट दुकानाला पंचाहत्तरला; खर्च साठ, सुटतात पंधरा. महिन्याचे साडेचार हजार. दीड महिन्यात घाटा भरून निघाला, आणि आषाढीच्या आधी पाटल्या घरी आल्या.

२०२५ च्या प्रदर्शनाचा अर्ज भरायची वेळ आली तेव्हा गटात पुन्हा भांडण. कोपऱ्यावरचा, दोन बाजू उघड्या असलेला गाळा ३६,००० ला मिळत होता. सेक्रेटरीबाईंना तो हवा होता, अध्यक्षबाई नको म्हणत होत्या. मी फोनवर हिशेब सांगितला: सहा हजार जास्त म्हणजे पंधरा हजारांची विक्री जास्त, म्हणजे आणखी शंभर गिऱ्हाइकं. पलीकडे बराच वेळ कुजबुज चालली. मग अध्यक्षबाईंचा आवाज आला, “साहेब, कोपऱ्याला उभं राह्यलं की चटणीचा वास दोनी रस्त्याला जातो का वो?”