फोटोतला वाघ आणि पाणवठ्यावरची रात्र

बुद्धपौर्णिमा जवळ आली की सातपुड्याच्या पायथ्याच्या सोनाळ्याकडे शहरी पाहुण्यांची पावलं वळतात. बुलढाणा जिल्ह्यातल्या या गावाला लागूनच अंबाबरवा अभयारण्य आहे, मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग. पाणवठ्याकाठच्या मचाणावर रात्रभर बसायचं आणि येणाऱ्या प्राण्यांची नोंद करायची, असा वन विभागाचा हा ‘निसर्ग अनुभव’. पूर्वी हीच प्राणीगणना असे. आता वाघांची मोजदाद कॅमेरा ट्रॅपवर होते. मचाणावरची रात्र मुख्यतः लोकांना जंगल कळावं म्हणून उरली आहे.

मोबाइलवर फिरणाऱ्या रीलमध्ये वाघ असतो. वैशाखातला उकाडा, डास, कुजबुजसुद्धा न करता काढलेले तास आणि पहाटे वहीत उतरलेली चार सांबरं, एक साळींदर त्यात नसतात. वाघाच्या ओढीने आलेला माणूस मग हिरमुसतो, खरं तर त्याची नोंद चोख असते.

मचाणावर हिरमोडावरच भागतं. परदेशातल्या सेवा-सहलींत, म्हणजे सुट्टीत स्वयंसेवा करायला जाणाऱ्यांच्या सहलींत, फोटोतल्या दृश्याची हीच ओढ लेकरांच्या मुळावर येते.

नेपाळमध्ये शिक्षणाचं आमिष दाखवून दलालांनी डोंगरी खेड्यांतली मुलं काठमांडू-पोखऱ्यातल्या अनाथालयांत आणली. त्यांतल्या बहुतेकांचे आई किंवा वडील हयात होते. हसऱ्या पोराला कडेवर घेतलेल्या पाहुण्याचा फोटो इंटरनेटवर झळकला की पुढचे स्वयंसेवक येतात, सोबत पैसा येतो, आणि खाटा भरलेल्या ठेवणं संचालकाच्या फायद्याचं ठरतं. दोन-चार आठवड्यांत माणसं बदलतात. प्रत्येक निरोपाला मूल पुन्हा तुटतं. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१९ च्या ठरावात अशा पर्यटनाचे धोके नावानिशी मांडले, ते उगाच नव्हे. तरीही पाहुण्याचा हेतू बहुधा निर्मळच असतो. म्हणून तर त्या फोटोची जाहिरात इतकी लागू पडते.

सेवेची वेगळी रीत इथे मेळघाटातच दिसते. पुण्याची ‘मैत्री’ संस्था १९९७ पासून बालमृत्यू रोखण्यासाठी तिथे काम करते. तिची ‘धडक मोहीम’ ऐन पावसाळ्यात असते, कारण कुपोषण आणि आजार तेव्हाच बळावतात. स्वयंसेवक तुकड्यांनी जातात, चिखल तुडवत घरोघरी बाळं आणि गरोदर बाया पाहतात, आजारी मूल दवाखान्यात पोचवायला धडपडतात. तारखा पाहुण्यांच्या सुट्टीवर नव्हे, गावाच्या गरजेवर ठरतात. परदेशातला प्रकल्प निवडतानाही आधी हेच विचारावं: काम कुणी मागितलं, आणि आपण परतल्यावर ते कोण करणार?