गळाला लागलेला मासा सोडायचा असेल तर जिवंत राहील असा सोडा



मागच्या दोन बैठकांत एकाच गोष्टीवर वाद झाला. रविवारी इंदूरहून, महू छावणीतून रॉड घेऊन येणाऱ्या पाहुण्यांना तलावावर येऊ द्यायचं की नाही. ज्यांच्या बोटी भाड्याने जातात ते म्हणतात, येऊ द्या, चार पैसे मिळतात. ज्यांचं घर जाळ्यावर चालतं ते म्हणतात, बीज आम्ही टाकायचं, ठेका आम्ही भरायचा, आणि मासा यांनी खेळायला पकडायचा? पाहुण्यांचं उत्तर ठरलेलं असतं: "आम्ही तर पकडून सोडून देतो, तुमचं काय जातं?"

काय जातं, हेच आज समजून घेऊ. पुढच्या बैठकीत निर्णय करायचा आहे, त्याआधी सगळ्यांना माहिती असलेली बरी.

सोडलेला मासा वाचतोच असं नाही

मासा हातातून सुटला, शेपटी मारून खाली गेला, म्हणजे वाचला असं आपल्याला वाटतं. पुष्कळ मासे काही तासांनी किंवा एक-दोन दिवसांनी मरतात. तोवर पाहुणे घरी पोचलेले असतात. त्यांनी खोटं सांगितलेलं नसतं, पण पुढचं त्यांनी पाहिलेलंही नसतं.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पट्टेरी बास नावाचा मासा आहे. तिथे गळाने पकडून सोडायचा शौक फार मोठा. तिथलं मत्स्य आयोग हिशेब करताना धरतं की सोडलेल्या १०० माशांपैकी ९ मरतात. ९ म्हणजे थोडे वाटतात. पण सोडणारे लाखो असल्यामुळे काही वर्षी खायला नेलेल्या माशांपेक्षा सोडून मेलेले मासे जास्त भरले. म्हणून २०२१ पासून तिथे आमिष लावून बास पकडायचा तर गोल वाकवलेला हुकच वापरायचा, असा नियम आहे. तो हुक पोटात न जाता बहुतेक वेळा ओठाच्या कोपऱ्यात अडकतो.

आपला मासा वेगळा, पाणी वेगळं. त्यांचा ९ चा आकडा आपल्याला जसाच्या तसा लागू नाही. पण हिशेबाची पद्धत लागू आहे. सोडलेले मासेही मोजायचे आणि त्यातले काही मेले असंच धरायचं.

मासा मरतो कशाने

पहिलं कारण दम. दोरीला लागून मासा जितका जास्त वेळ झुंजतो तितका त्याचा दम संपतो. आपण पळून धापा टाकतो तसंच. त्यात पाणी गरम असेल तर त्यात प्राणवायू कमी असतो. एप्रिल-मेमध्ये पाणी उतरलेलं आणि तापलेलं असतं, तेव्हा दमलेला मासा सावरत नाही.

इथे एक गोष्ट आपल्याला माहीत आहे, पाहुण्यांना नसते. हिरव्या पाण्याच्या तलावात प्राणवायू सगळ्यात कमी पहाटे असतो, कारण रात्रभर शेवाळसुद्धा तो वापरतं. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर त्या दिवशी ऊन चढेपर्यंत गळ टाकू द्यायचा नाही.

दुसरं कारण हवा. फोटोसाठी मासा बाहेर धरला की कल्ले एकमेकांना चिकटतात आणि त्याचा श्वास बंद होतो. पाहुण्याला सांगायचं, तुम्ही स्वतः श्वास रोखा, तुम्हाला जड झालं की मासा पाण्यात.

तिसरं कारण अंगावरचा बुळबुळीत थर. तो माशाचं रोगापासून रक्षण करतो. कोरडा हात, टॉवेल, गोणपाट, बोटीचा तापलेला पत्रा, यांनी तो निघतो. मग आठवड्याभरात तिथे बुरशी धरते. गाठीच्या नायलॉन जाळीनेही खवले निघतात.

चौथं कारण हुक. ओठाला लागलेला हुक फारसं नुकसान करत नाही. गिळलेला हुक ओढून काढला की कल्ले किंवा आतडं फाटतं. कल्ल्यातून रक्त आलं तर तो मासा वाचणं कठीण. हुक आत गेला असेल तर ओढायचा नाही, दोरी तोंडाजवळ कापायची. तीन तोंडांचा हुक तर नकोच.

कोणता मासा सोडायचा, कोणता नाही

सगळे मासे सोडले म्हणजे पुण्य, असं नाही.

रोहू, कतला, मृगळ साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. म्हणून तर आपण दरवर्षी बोटुकली विकत आणून टाकतो. पाहुण्याने सोडलेला रोहू म्हणजे निसर्गावर उपकार नव्हे, तो आपला माल आहे, आपल्याच गोदामात परत ठेवलेला. तो मेला तर बीजाचा पैसा गेला, त्याची वाढ गेली, बाजारातला भावही गेला. त्यामुळे विक्रीजोगा मासा लागला आणि पाहुण्याला हवा असेल तर वजन करून भावाने घ्यावा. लहान असेल तर काळजीने सोडावा.

तिलापिया उलट. तो स्वतःच वाढत जातो आणि आपल्या माशांचं खाणं खातो. लागला की बाहेर काढायचा, परत टाकायचा नाही. थाई मांगूर तर देशात पाळायलाच बंदी आहे. तोही पाण्यात परत जाता कामा नये.

महाशीरची गोष्ट सगळ्यात वेगळी. नर्मदेकाठी त्याला बाडस म्हणतात. २०११ पासून तो मध्य प्रदेशचा राज्य मासा आहे. आपल्या बाजूची चोरल नदी बडवाहजवळ नर्मदेला मिळते, आणि बडवाह वनमंडलाने महाशीर वाढवण्याचं काम हाती घेतलेलं आहे. हा मासा पावसाळ्यात प्रवाहाच्या उलट वर चढतो आणि गोट्या-रेतीच्या वाहत्या पाण्यात टप्प्याटप्प्याने अंडी घालतो. धरणांनी त्याची वाट अडवली, रेती उपसल्याने जागा गेली. मोठी मादी जास्त अंडी देते, म्हणून मोठा महाशीर मारणं सगळ्यात वाईट. तो कोणाच्याही गळाला, कोणाच्याही जाळ्यात आला तरी सोडायचा. हे पाहुण्यांना सांगायचं आणि आपणही पाळायचं.

मग खेळासाठी पकडणं बरोबर का?

काही ज्येष्ठ म्हणतात, पोटासाठी मासा मारला तर समजतं, गंमत म्हणून त्याला ओढायचं आणि सोडायचं हा छळ आहे. हे म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. स्वित्झर्लंडमध्ये २००९ पासून सोडून देण्याच्याच इराद्याने मासा पकडायला बंदी आहे. आपल्याकडे रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळण कोंड आहे. तिथे देवीच्या श्रद्धेने लोक महाशीरला हातच लावत नाहीत.

दुसरी बाजू कावेरीची. तिथे गळवाल्यांच्या संस्थेने १९७२ पासून नदीचे काही भाग सांभाळले. चोरून मासे मारणाऱ्यांनाच वाटाडे आणि राखणदार म्हणून पगारावर घेतलं. पुढे अभयारण्यातला गळ वन्यजीव कायद्यामुळे बंद झाला. पण तिथल्या कॅम्पवर १९९८ ते २०१२ पर्यंत पाहुण्यांच्या माशांची नोंद ठेवलेली होती. त्या वह्यांवरूनच कळलं की मूळचा कुबडवाला महाशीर कमी होतोय आणि बाहेरून आणून सोडलेला निळ्या पराचा महाशीर वाढतोय. वही नसती तर कोणाला पत्ता लागला नसता.

माझं मत असं. पाहुण्यांना सरसकट बंदी केली तर ते लपून येतील, आणि बोटमालकाचं भाडंही जाईल. पण मोकळं सोडलं तर नुकसान जाळ्यावाल्या घरांचं. म्हणून या, पण आमच्या नियमाने या. आणि नियम पाळून घेण्याची जबाबदारी बोटीवर जो आपला माणूस असेल त्याची.

बोटीवरचे नियम (बैठकीसाठी मसुदा)

१. १६ जून ते १५ ऑगस्ट बंद ऋतू. या काळात पाहुण्यालाही गळ नाही. गुन्हा झाला तर १ वर्षापर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.
२. एकच तोंडाचा हुक, त्याचा उलटा काटा पकडीने चिपून टाकलेला. बोटीत पकड आणि कात्री हवीच.
३. दोरी पुरेशी जाड. बारीक दोरीवर तासभर झुंजवायचं नाही.
४. आधी हात ओले, मग मासा. कल्ल्यात बोट घालून लटकवायचा नाही, दोन्ही हातांवर आडवा धरायचा. एक फोटो पुरे.
५. सोडताना फेकायचा नाही. पाण्यात सरळ धरायचा, कल्ले नीट चालू लागले आणि त्याने स्वतः शेपटी मारली की हात काढायचा.
६. मे महिन्यात दुपारी गळ बंद.
७. एका तलावातला मासा दुसऱ्या पाण्यात सोडायचा नाही.
८. वहीत नोंद: तारीख, कोणता मासा, अंदाजे वजन, हुक कुठे लागला, सोडला की घेतला.
९. तुटलेली दोरी परत आणायची. ती आपल्या जाळ्यांत आणि पाणपक्ष्यांच्या पायांत अडकते.
१०. पाहुण्यांच्या फीमधला एक भाग बीजाच्या खात्यात. किती, ते बैठकीत ठरवू.

सोमवारी सकाळी जाळ्याला जाणाऱ्यांना एक विनंती. पाण्यावर मेलेला मासा दिसला तर त्याचं तोंड आणि कल्ले बघा, हुकची जखम आहे का, आणि वहीत लिहा. तीन-चार महिन्यांची नोंद हातात आली की हा वाद अंदाजावर करावा लागणार नाही.

काही सुचवायचं असेल तर बैठकीला या. घरातल्या बायकांनीही यावं, कारण मासा विकायला बाजारात त्याच बसतात आणि कोणत्या दिवशी टोपली हलकी होती हे त्यांनाच पक्कं माहीत असतं.

आपला,
सचिव