आधी हात वर करून बघा

दर जानेवारीत मुंबई मॅरेथॉनचं पूर्ण अंतर धावणारे वांद्रे-वरळी सी-लिंकवरून जातात. जानेवारी आला की धावण्याच्या जॅकेटांच्या जाहिरातींना ऊत येतो आणि त्यात एकच आकडा ठळक असतो, वजनाचा. शंभर ग्रॅम, मुठीत मावणारं, अंगावर आहे हेही न जाणवणारं. आकडा खोटा नसतो. नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनिअर, आणि वीस किंवा त्याहूनही कमी डेनिअरचा नायलॉन विणणं आता नवलाईचं राहिलेलं नाही. वजन उतरवणं हा या धंद्यातला सुटलेला प्रश्न आहे. न सुटलेला प्रश्न काखेत आहे.

घरातलं कुठलंही जॅकेट घाला, चेन गळ्यापर्यंत ओढा आणि दोन्ही हात सरळ डोक्यावर न्या. खालची कड चार बोटं वर सरकली, कंबर उघडी पडली, मनगट बाहीतून बाहेर आलं, तर ते जॅकेट उभं राहण्यासाठी शिवलेलं आहे, धावण्यासाठी नाही. अशा वेळी आपण एक माप मोठं मागतो आणि तिथेच फसतो. सैल कपड्यात हालचाल मोकळी होते, हा समज अर्धाच खरा आहे. मुंढा, म्हणजे बाही जिथे जोडली जाते तो घेर, जितका खाली, तितका हात उचलताना जॅकेटचा अंगावरचा सगळा भाग सोबत उचलला जातो. मुंढा काखेला लागून, वर कापला असेल तर हलते ती फक्त बाही. बाहीच्या वरच्या गोलाईचंही तसंच. ती उंच ठेवली की हात खाली असताना कोट कसा झोकात बसतो, पण हात वर जात नाही. ती उथळ ठेवली की काखेपाशी चुण्या दिसतात, मात्र हात मोकळा राहतो. आरशातल्या रूपासाठी आपण या चुण्या नाकारतो. खेळाच्या कपड्यात त्या असायलाच हव्यात.

मग कंपन्या मुंढा खाली का कापतात? कारण खोल मुंढ्याच्या एका मापात जाड-बारीक, रुंद-अरुंद खांद्याची चार तऱ्हेची माणसं बसवता येतात. काखेत एक जादा तुकडा जोडायचा तर शिलाईचा वेळ वाढतो. हा तुकडा काही परदेशी शोध नव्हे. आपल्याकडच्या जुन्या अंगरख्याच्या, सदऱ्याच्या काखेत तो चौकोनी तुकडा असायचाच. आज तोच महागड्या गिर्यारोहण जॅकेटांत खास सोय म्हणून मिरवतो.

या सगळ्याच्या मुळाशी जाणारा माणूस कपड्यांच्या धंद्यातला नव्हता. आर्थर आयबेरॉल हा अमेरिकी शास्त्रज्ञ. हवेच्या दाबाने फुगणाऱ्या वैमानिकांच्या आणि अंतराळवीरांच्या पोशाखात माणूस लाकडासारखा ताठ होतो, त्याला हात-पाय हलवता यावेत म्हणून तो विचार करत होता. त्याची कल्पना मला फार सुंदर वाटते. कोपरावर शाईने एक लहान वर्तुळ काढलं आहे असं समजा. हात वाकवला की त्वचा ताणली जाते आणि वर्तुळाचं लंबवर्तुळ होतं. एका दिशेने ते लांबतं, दुसऱ्या दिशेने आकसतं. या दोन टोकांच्या मध्ये अशा दिशा सापडतात, ज्यांची लांबी बदलतच नाही. अशा दिशा अंगभर जोडत गेलं की हालचालीत न ताणल्या जाणाऱ्या रेषांचं एक जाळं मिळतं. न ताणला जाणारा धागा या रेषांवरून नेला तर तो हालचालीला आडवा येत नाही. 1964 साली त्याने हे अहवालात मांडलं. पुढे एमआयटीत डावा न्यूमन यांनी अंगाला घट्ट बसणाऱ्या अंतराळ-पोशाखासाठी हाच धागा पुढे नेला.

जॅकेट बनवणाऱ्याने यातून घ्यायचं ते उघड आहे. चेन, पट्टी आणि साधी शिलाई ताणली जात नाही, म्हणून ती त्वचा कमी ताणली जाते तिथून न्यावी. काखेपासून कमरेपर्यंतची बाजू आणि दोन खवाट्यांमधली पाठ सर्वांत जास्त लांबते, म्हणून ताणलं जाणारं कापड तिथेच लावावं. अंगभर स्ट्रेच कापड वापरणं म्हणजे कटाईतली कसूर कापडाने झाकणं. शिवाय त्याचं वजन वाढतं आणि ते वाळतही उशिरा.

घामाचा प्रश्न तसाच. एक लिटर घाम वाळताना शरीरातली सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता नेतो, पण तो वाळला तरच. बॉब गोर यांनी 1969 मध्ये शोधलेल्या, सूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून वाफ बाहेर जाते ती आत दमटपणा जास्त आणि बाहेर कमी असतो म्हणून. आल्प्सच्या कोरड्या गारठ्यात हे गणित जमतं. ऑगस्टमध्ये साताऱ्याजवळच्या यवतेश्वर घाटात बाहेरची हवाच भिजलेली असते, तिथे वाफ ढकलणारा जोर फारसा उरत नाही. आपल्या पावसात धावणाऱ्याला पडद्यापेक्षा काखेतली चेन आणि पाठीवरच्या झडपेखालची जाळी जास्त उपयोगी, असं माझं स्पष्ट मत आहे.

जॅकेट म्हणजे चैन नव्हे, हे चीनच्या गान्सू प्रांताने दाखवलं. 22 मे 2021 रोजी तिथल्या शंभर किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत गारा, पाऊस आणि वारा सुटला आणि 21 धावपटू थंडीने गेले. वारा अडवणारं जॅकेट तिथे सक्तीच्या सामानात नव्हतं. युरोपातल्या माँ ब्लाँच्या शर्यतीत टोपीचं जलरोधक जॅकेट जवळ नसेल तर धावताच येत नाही. सह्याद्रीत पावसाळी शर्यती भरवणाऱ्यांनी हा नियम आपल्याकडेही आणावा.

पण मला सगळ्यात जास्त लागतं ते आपल्या शाळांतल्या पोरांचं. खो-खोच्या पहिल्या विश्वचषकात, 2025 मध्ये, भारताचे दोन्ही संघ जिंकले आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे होते. तोच खेळ शिकणाऱ्या मुलांच्या अंगावर असतं चकचकीत सुपर पॉलीचं ट्रॅकसूट, पुढच्या वर्षीही यावं म्हणून दोन मापं मोठं, मुंढा जवळजवळ बरगडीपर्यंत उतरलेला. खांबाला वळसा घालताना हात पसरला की सगळं जॅकेट त्या बाजूला ओढलं जातं. दर्जेदार कापड महाग पडेल, हे मान्य. मुंढा वर घ्यायला मात्र नवं कापड लागत नाही, फक्त कटाईचा साचा बदलावा लागतो.

गणवेशासाठी देशभर नाव असलेल्या सोलापूरच्या उत्पादकांनी जूनच्या ऑर्डरीची कटाई सुरू करण्याआधी एवढा एक बदल करून बघावा. आणि पालकांनी दुकानात लेबल वाचण्याआधी मुलाला दोन्ही हात वर करायला सांगावं. कड कमरेवरून हलली, तर ते जॅकेट घेऊ नये.