आईच्या हाडांतलं शिसं



दर वर्षी या पुस्तिकेत मदतनिधीचा हिशोब असतो, देणगीदारांचे आभार असतात. या वेळी समितीने आम्हाला सांगितलं, निधी ज्या कामासाठी गोळा करतोय ते काम काय आहे ते सोप्या भाषेत लिहा. काम आहे भारतातल्या गरोदर स्त्रिया आणि लहान मुलं यांच्या रक्तातलं शिसं तपासण्याचं. आम्ही लिहिणारे दोघंही सॉफ्टवेअरवाले, डॉक्टर नाही. तेव्हा औषध कुठलं घ्यावं हे कृपया आम्हाला विचारू नका. पण वाचायला बसलो आणि दिसलं, की हा विषय जितका तिकडचा आहे तितकाच इथे अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या घरांतलाही आहे.

शिसं शरीराला काहीच उपयोगाचं नाही. तरी ते आत शिरतं, कारण शरीर त्याला कॅल्शियम समजतं. कॅल्शियमसाठी उघडणाऱ्या दारांतून ते आत जातं आणि कॅल्शियम जिथे साठतं तिथेच, म्हणजे हाडांत, जाऊन बसतं. रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्म्यावर येतं. हाडांतलं मात्र वीस-वीस वर्षं हलत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर रक्त ही तात्पुरती मेमरी आणि हाडं ही हार्डडिस्क. आज केलेली रक्ततपासणी ‘ठीक’ आली म्हणजे जुना साठा नाही, असं नव्हे.

हा साठा हलतो तो गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना. नऊ महिन्यांत बाळाच्या हाडांसाठी सुमारे ३० ग्रॅम कॅल्शियम लागतं, आणि त्यातलं बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत. आहारातून पुरेसं मिळालं नाही तर आईचं शरीर ते स्वतःच्या हाडांतून काढून देतं. त्याच्याबरोबर जुनं शिसंही रक्तात उतरतं. वार ते अडवत नाही. बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापासून शिसं बाळाकडे जाऊ लागतं, आणि जन्माच्या वेळी नाळेच्या रक्तातलं प्रमाण आईच्या रक्तातल्या प्रमाणाच्या जवळपास पोचलेलं असतं.

हे सिद्ध कसं झालं, ती गोष्ट आपल्यासारख्या परदेशात आलेल्यांनी वाचावी अशीच आहे. ऑस्ट्रेलियात ब्रायन गुल्सन या शास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात पूर्व युरोपातून नुकत्याच स्थलांतरित झालेल्या स्त्रियांचा अभ्यास केला. प्रत्येक खाणीतल्या शिशाची समस्थानिकं वेगवेगळ्या प्रमाणात असतात, त्यामुळे शिसं कुठलं आहे ते बोटांच्या ठशासारखं ओळखता येतं. या स्त्रिया गरोदर राहिल्यावर त्यांच्या रक्तात वाढलेलं शिसं ऑस्ट्रेलियातलं नव्हतं. ते त्यांच्या मायदेशाचं होतं, हाडांतून आलेलं.

आता आपला हिशोब करा. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिसेयुक्त पेट्रोल १९९६ पासून पूर्ण बंद झालं. भारतभर ते बंद झालं २००० साली. आज पस्तिशीत असलेल्या आपल्या मंडळींचं अख्खं बालपण दादर, पुणे, ठाणे इथल्या त्या धुरात गेलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १९९८-९९ साली मुंबई आणि दिल्लीतल्या तीन वर्षांखालच्या मुलांचं रक्त तपासलं होतं. त्यातल्या १,०८१ मुलांच्या आकडेवारीचा पुढे अभ्यास झाला, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश मुलांत दर डेसिलिटरला ५ ते २० मायक्रोग्रॅम शिसं आढळलं. अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था आज मुलांसाठी ३.५ च्या वर गेलं की लक्ष घालायला सांगते. ती मुलं आज पंचविशी ओलांडून गेली आहेत, म्हणजे नेमकी आईबाप होण्याच्या वयात.

शिशामुळे गर्भपात, वेळेआधी बाळंतपण, कमी वजनाचं मूल, आईचा रक्तदाब, हे धोके वाढतात. पण मोठं नुकसान होतं ते मेंदूचं. गर्भातल्या मेंदूत पेशींची जोडणी चालू असते, ती बरीचशी कॅल्शियमच्या इशाऱ्यांवर चालते, आणि तिथे हा तोतया मध्ये बोलतो. आम्हाला सगळ्यात धक्का बसला तो एका आलेखाने. २००५ साली अनेक देशांतल्या मुलांची एकत्रित माहिती मांडली गेली. रक्तातलं शिसं २.४ वरून १० वर गेलं तर बुद्ध्यांकात सुमारे ३.९ गुणांची घट दिसली. १० वरून २० वर गेलं तर आणखी फक्त १.९ गुणांची. म्हणजे सुरुवातीचा थोडासा डोसच जास्त नुकसान करतो. ‘थोड्याने काय होतंय’ हे आपलं आवडतं वाक्य इथे लागू पडत नाही. अर्थात एखाद्या मुलाकडे बघून याचे चार गुण शिशाने गेले असं कुणी सांगू शकत नाही, तेव्हा मागचं आठवून स्वतःला दोष देत बसू नये.

घरात शिसं येतं कुठून? बाळंतपणासाठी येणाऱ्या आईच्या, सासूबाईंच्या बॅगेतून! हसू नका. २०११-१२ मध्ये न्यूयॉर्क शहरात सहा गरोदर स्त्रियांना भारतातून आणलेल्या आयुर्वेदिक औषधांमुळे शिशाची विषबाधा झाल्याचं नोंदलं गेलं. सगळा आयुर्वेद वाईट असं आमचं म्हणणं नाही. पण रसशास्त्रातली भस्मं धातूंचीच असतात, आणि नागभस्म म्हणजे शिसंच. निव्वळ वनस्पतींच्या औषधांपेक्षा रसौषधींत धातू सापडण्याचं प्रमाण दुपटीहून जास्त होतं, असं २००८ सालच्या एका पाहणीत दिसलं. गरोदरपणात भस्म नको, आणि लेबल नसलेली पुडी तर अजिबातच नको.

शेंदूर हे मुळात शिशाचं संयुग आहे. हळद-चुन्याचं कुंकू वेगळं, पण बाजारात दोन्हींत काय मिसळलंय ते रंगावरून कळत नाही. न्यू जर्सीतून आणि भारतातून घेतलेल्या सिंदुराच्या ११८ नमुन्यांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. न्यू जर्सीतल्या दुकानांतल्या नमुन्यांपैकी सुमारे ८३ टक्क्यांत शिसं होतं. आजीचं तुपाच्या दिव्यावर धरलेलं काजळ म्हणजे काजळी. सुरमा मात्र बरेचदा शिशाच्या खनिजाचा असतो. तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत यातलं काहीच घालू नये हे उत्तम. हळदीला पिवळाधमक रंग यावा म्हणून कुठे कुठे हळकुंडांना लेड क्रोमेट चोळतात. दक्षिण आशियातल्या २३ शहरांची तपासणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात पाटण्याच्या पॉलिश केलेल्या हळकुंडांत दर ग्रॅमला हजार मायक्रोग्रॅमहून जास्त शिसं निघालं. पण बांगलादेशने २०१९ नंतर छापे घातले, दंड केले, आणि दोन वर्षांत तिथल्या बाजारातून हा प्रकार जवळजवळ नाहीसा झाला. मनावर घेतलं तर होतं.

आणि डोहाळे! माती, खडू, भाजलेलं मडक्याचं खापर खावंसं वाटलं तर ते कौतुकाने पुरवू नका, डॉक्टरांना सांगा. १९७८ पूर्वीच्या घरात राहत असाल तर जुना रंग स्वतः खरवडू नका. रोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम घेतलेल्या मेक्सिको सिटीतल्या गरोदर स्त्रियांच्या रक्तातलं शिसं सरासरी ११ टक्क्यांनी कमी राहिलं होतं. शरीरात लोह कमी असेल तर शिसं जास्त शोषलं जातं, म्हणून लोहाच्या गोळ्याही चुकवू नयेत.

तिकडचा प्रश्न याहून मोठा. युनिसेफच्या २०२० च्या अहवालानुसार भारतात सुमारे २७.५ कोटी मुलांच्या रक्तात ५ मायक्रोग्रॅमहून जास्त शिसं आहे. पेट्रोल गेलं, पण गाड्यांच्या आणि इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटऱ्या वस्त्यांत उघड्यावर फोडून वितळवल्या जातात. तिथे बाई गरोदर राहिली तर तिचं रक्त तपासायला कुणी सांगत नाही. आपला निधी जाणार तो या तपासणीला आणि कॅल्शियम-लोहाच्या गोळ्यांना.

ज्यांच्याकडे या हिवाळ्यात तिकडून कुणी यायचं आहे त्यांनी बॅग भरण्याआधीच फोन करावा. डिंकाचे लाडू जरूर आणा म्हणावं, हळद पॉलिश न केलेली हळकुंडं घेऊन घरी दळलेली, आणि वैद्यांच्या पुड्या तिकडेच ठेवा.