फुरसतीच्या टाक्यांचा हिशेब

दिवाळीपूर्वीच्या आवराआवरीत माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली आली आणि तिच्यात भरतकामाचे नऊ लहान नमुने सापडले. चार आईचे, लग्नापूर्वीचे. पाच माझे, शाळेत कार्यानुभवाच्या तासाला आरंभलेले व बहुधा आईच्या धाकाने पुरे झालेले. रुमालाच्या कोपऱ्यातली गुलाबाची कळी, पुस्तकात ठेवायची खूण, उशीच्या अभ्र्यावरचे दोन पोपट, टीव्हीवर घालायचे आच्छादन. यांतील एकही वस्तू आता वापरात नाही. टीव्हीच भिंतीवर गेल्यामुळे त्याच्या आच्छादनाला तर जागाही उरली नाही.

ज्यांनी फुलीचा टाका कधी घातला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगणे अवश्य आहे. मॅटीच्या कापडाचे ताणेबाणे सुटे दिसतात. त्यामुळे चौकटीच्या कागदावरची नक्षी घरे मोजून थेट कापडावर उतरविता येते. सहापदरी धाग्यातून दोन पदर सोडवून घ्यायचे, अर्ध्या फुल्या एका दिशेने घालत जायचे आणि परतताना त्या पुऱ्या करायच्या. वरचा तिरपा टाका सगळीकडे एकाच अंगाला झुकला पाहिजे. एक घर चुकले की पोपटाची चोच मानेत शिरते, आणि चूक ध्यानात येते ती दहा ओळी झाल्यावर. (मोजणीची ही विद्या जुनी आहे. धारवाडकडील कसूतीत याच टाक्याला मेथीच्या दाण्यावरून नाव पडले आहे.) आई नेहमी आधी कापड उलटे करून पाही. मागे गाठ दिसली की उसवायला लावी.

या वेळी त्या पोपटांकडे पाहताना अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माणसाची खोड जागी झाली. नक्षी ६० घरे रुंद व ४० घरे उंच. रिकामी घरे वजा जाता सुमारे १८०० फुल्या. हात बसलेली स्त्री मिनिटाला तीन फुल्या घालते असे धरले, तरी दहा तास झाले. हे दहा तास देशाच्या हिशेबात कोठे मांडले गेले?

पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या घरी पाहणीसाठी एक गृहस्थ आले होते. ‘आपण काय करता?’ या प्रश्नाला आईने हातातली सुई न थांबविता उत्तर दिले, ‘काही नाही, घरीच असते.’ राष्ट्रीय नमुना पाहणीत अशा स्त्रियांसाठी ९२ व ९३ असे दोन संकेतांक आहेत. पहिला केवळ घरकामाचा. दुसरा घरकामाबरोबर घरच्या वापरासाठी सरपण गोळा करणे, शिवणे, विणणे इत्यादी कामांचा. दोन्ही श्रमशक्तीच्या बाहेरचे. गंमत अशी, की १९९३च्या आंतरराष्ट्रीय राष्ट्रीय-लेखा पद्धतीने घरच्या वापरासाठी केलेल्या वस्तूंचे उत्पादन राष्ट्रीय उत्पादनात धरावे हे तत्त्व मान्य केले आहे. वगळल्या त्या स्वयंपाक-धुण्यासारख्या सेवा. म्हणजे अभ्रा तत्त्वतः उत्पादनात, आणि तो भरणारी बाई मात्र कामकरी नाही! २०१९च्या वेळ-वापर पाहणीत विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात व असे काम करणारे पुरुष ९७, असे आढळले. भरतकाम होते ते या मिनिटांनंतर उरलेल्या वेळात. त्यालाच आपण फुरसत म्हणतो.

केवळ गणनेचा प्रश्न असता तर तो तज्ज्ञांवर सोपवून मोकळे होता आले असते. परंतु ‘फुरसत’ हा शब्द बाजारात गेला की मजुरी खाली आणतो. आंध्रातील नरसापूरच्या लेस विणणाऱ्या स्त्रियांवर मारिया मीस यांचा ग्रंथ १९८२ साली प्रसिद्ध झाला. परदेशी बाजारपेठेसाठी राबणाऱ्या त्या स्त्रियांना व्यापारी ‘गृहिणी’च समजत, आणि गृहिणी रिकाम्या वेळात विणते म्हणून तिला पोट भरण्याइतकी मजुरी देण्याचे कारण नाही, असा सगळा व्यवहार होता. हे विवेचन मी वर्गात अनेकदा केले आहे.

आणि तरीही गेल्या वर्षी भाचीच्या लग्नासाठी ब्लाउजवर आरीचे काम करून घेताना प्रस्तुत लेखिकेच्या तोंडून निघून गेले, ‘मावशी, घरबसल्याचं तर काम, १२०० कसे? ९०० घ्या.’ बाई शांतपणे म्हणाल्या, ‘घरीच करते, पण बसावं तर लागतंच ना, ताई.’ किती वेळ बसावे लागते, हे मी तेव्हा प्रथमच विचारले. गळा व दोन्ही बाह्या मिळून वीस तास, तेही स्वयंपाक उरकून रात्री. धागे-मण्यांचे २०० वजा जाता तासाला ५० रुपये पडत होते. माझ्या भावाने ३५. पुढे मला काही बोलता आले नाही.

ठरल्याप्रमाणे १२०० रुपये दिले. ब्लाउज घरी आणल्यावर आईने तो हातात घेतला आणि सवयीने आधी उलटा केला.